साथीच्या फ्लूची लस: टोचणाऱ्यांना तयार कसं करायचं

नवीन रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला एका संध्याकाळी जिल्ह्यावरून फोन येतो. "लस पुढच्या आठवड्यात येतेय. मंगळवारी तालुक्याचं प्रशिक्षण तुम्हीच घ्या. स्लाइड मेल केल्यात." मेल उघडली तर अठ्ठ्याऐंशी स्लाइड. हा लेख त्या अधिकाऱ्यासाठी आहे. खासगी रुग्णालयात "यंदा ट्रेनिंग तुम्ही बघा" असं ऐकावं लागलेल्या मेट्रनलाही तो चालेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सुई टोचायला शिकवण्यात दिवस घालवू नका. समोर बसलेल्या आरोग्य सेविकेने जेवढी इंजेक्शनं दिलीत, तेवढी तुम्ही-मी मिळूनही दिलेली नाहीत. तिला नवीन असतात त्या तीन गोष्टी: अनोळखी बाटली, लोकांचे अनोळखी प्रश्न, आणि लस घेतल्यावर पाच मिनिटांत खुर्चीतून घसरलेला धडधाकट माणूस. प्रशिक्षणाचा वेळ या तिघांना द्या. बाकीचं छापून हातात ठेवा.

साथीचा फ्लू दरवर्षीच्या फ्लूपेक्षा वेगळा का, हे एका मिनिटात सांगता यायला हवं. दरवर्षीचा विषाणू थोडा थोडा बदलत राहतो आणि आपल्या शरीराला त्याची जुनी ओळख असते. साथीचा विषाणू जवळजवळ परका असतो, त्यामुळे तो वेगाने पसरतो. २००९ च्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, ओळखला गेला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, बंद शाळा, रुमालात बांधलेली कापूर-वेलचीची पुडी, हे सगळं पुणेकर अजून विसरलेले नाहीत. भारतात बनलेली लस मात्र हाती आली ती २०१० च्या मध्यावर, म्हणजे पहिली लाट ओसरल्यावर. साथीत लस नेहमी उशिरा आणि थोडी थोडी येते. येते तेव्हा लोक एकतर तिच्यावर तुटून पडलेले असतात, नाहीतर तिला विसरलेले असतात. प्रशिक्षण देताना दोन्हींची तयारी ठेवा.

पायरी १: वर्गात कोण बसणार, ते आधी विचारा

पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. सभागृहात नव्वद जण: आरोग्य सेविका, ग्रामीण रुग्णालयातल्या स्टाफ नर्स, आशाताई, गटप्रवर्तक, औषध निर्माण अधिकारी, डेटा एन्ट्रीची दोन मुलं आणि जीपचे ड्रायव्हर, कारण बाहेर ऊन फार होतं. मी सगळ्यांना अँटीबॉडी समजावत बसलो. जेवणानंतर निम्मे पेंगले आणि उरलेल्यांचा चहावर डोळा होता. चूक माझीच होती.

आता मी तीन गट करतो. टोचणाऱ्यांचा गट पंचवीसच्या वर जाऊ देत नाही आणि त्यांना पूर्ण दिवस देतो. लस सांभाळणाऱ्यांना दोन तास पुरतात, पण ते सभागृहात नाही, आयएलआरच्या (लस ठेवायच्या खास फ्रीजच्या) शेजारी उभं राहून. आशाताई आणि गटप्रवर्तकांना अर्धा दिवस, आणि त्यात फक्त लोकांचे प्रश्न. डॉक्टर मंडळी उशिरा येतात, पुढच्या रांगेत बसतात आणि चहा झाला की निघतात. त्यांना कवायतीत रुग्ण करून जमिनीवर झोपवावं, मग ते शेवटपर्यंत थांबतात. आणि ड्रायव्हरला सभागृहात बोलवाच. पुढे पायरी ७ मध्ये तो लागणार आहे.

पायरी २: खोक्यातलं घडीचं पत्रक स्वतः वाचा

तुम्हाला आलेल्या स्लाइड बहुधा लस यायच्या आधी बनलेल्या असतात. हातात आलेल्या लसीबद्दल खरं काय ते खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या पत्रकात आणि राज्याकडून आलेल्या त्या लसीच्या सूचनांत असतं. भिंग लागलं तर घ्या, पण वाचा. मग एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत उतरवा: बाटलीत मात्रा किती, एक मात्रा किती मिलीची, कुठे द्यायची, कोणत्या वयापासून, एक मात्रा की दोन, दोन असतील तर अंतर किती, काही मिसळायचं आहे का, आणि बाटली उघडल्यावर किती वेळ चालते. हा कागद प्रत्येक टेबलावर चिकटवा.

"फ्लूची लस म्हणजे फ्लूची लस, त्यात वेगळं काय असणार" असं वाटत असेल तर २००९-१० कडे पाहा. युरोपात दिलेल्या पँडेमरिक्सच्या दोन बाटल्या असत, एकीत विषाणूचा अंश आणि दुसरीत दुधासारखं पांढरं, लसीचा जोर वाढवणारं द्रव. दोन्ही मिसळल्यावरच लस तयार व्हायची आणि २४ तासांत संपवावी लागायची. आपल्याकडे २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नेझोव्हॅक आली ती नाकात द्यायची, अर्धी मात्रा एका नाकपुडीत आणि अर्धी दुसऱ्या. त्यात दुबळे केलेले पण जिवंत विषाणू होते, म्हणून ती गरोदर बाईला चालत नव्हती. त्याच वर्षी अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची व्हॅक्सिफ्लू-एस आली ती दंडात टोचायची. आजार एकच, वर्षही तेच, पण एक लस नाकात आणि दुसरी दंडात.

खरी अडचण मात्र हाताच्या सवयीची असते. आरोग्य सेविकेच्या डोक्यात दोन नियम घट्ट बसलेले असतात. पेंटाव्हॅलंट, टीडी अशा नेहमीच्या लसींच्या बाटल्या उघडल्यावर, अटी पाळल्या तर, २८ दिवस चालतात. गोवर-रुबेला आणि बीसीजी चार तासांत फेकायच्या. नवी बाटली हातात आली की त्यातला एक नियम आपोआप लागतो. द्रव दिसलं की "२८ दिवस" हे मनात येतंच. २०२१ मध्ये कोविशील्ड द्रव होती, तरी उघडल्यापासून चार तासांचाच नियम होता. म्हणून मी वर्गात रिकामी बाटली फिरवतो आणि प्रत्येकीला लेबलवर मार्करने उघडल्याची तारीख आणि वेळ लिहायला लावतो. एकदा लिहिलं की हाताला नवीन सवय लागते. तोंडी सांगून लागत नाही.

व्हीव्हीएमचंही (बाटलीवरची, उष्णतेने रंग बदलणारी खूण) तसंच. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, हे त्यांना झोपेतही येतं. पण फ्लूच्या कित्येक लसींच्या बाटलीवर व्हीव्हीएम नसतोच. मग भरवसा तापमानाच्या नोंदीवर आणि एक्सपायरीच्या तारखेवर. बाटली हातात घेतल्यावर नजर कुठे जायला हवी, ते नव्याने शिकवा.

पायरी ३: थंड ठेवायची, गोठवायची नाही

फ्लूच्या टोचायच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. उन्हापेक्षा त्यांना बर्फाचं भय जास्त, एकदा गोठली की लस फुकट. आणि आपल्याकडे लस गोठते ती बहुतेक वेळा काळजीपोटी. सकाळी सातला घाई असते, डीप फ्रीझरमधून दगडासारखे आइसपॅक काढले जातात, थेट कॅरियरमध्ये जातात आणि वर समाधान, "मस्त गार राहील."

म्हणून शीतसाखळीच्या तासाला मी स्लाइड लावतच नाही. चार आइसपॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर मांडतो आणि गप्पा सुरू करतो. थोड्या वेळाने त्यांना घाम फुटतो. मग एकेक पॅक प्रत्येकाने कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याची खुळखुळ ऐकू आली की पॅक तयार. उन्हाळ्यात आणि थंडीत याला लागणारा वेळ वेगळा, त्यामुळे "वीस मिनिटं ठेवा" असा नियम सांगू नका, कान वापरायला सांगा. वेळ हवाच असेल तर सकाळच्या वेळापत्रकात अर्धा तास जास्त लिहा. नाहीतर गाडी येते आणि पॅक तसेच जातात.

इथे एक सापळा आहे. जुन्या कर्मचाऱ्यांना शेक टेस्ट येते: संशयित बाटली आणि मुद्दाम गोठवलेली बाटली हलवून शेजारी ठेवायची आणि कुणाचा गाळ लवकर बसतो ते पाहायचं. ही चाचणी अॅल्युमिनियमचं संयुग असलेल्या लसींची, म्हणजे टीडी, पेंटाव्हॅलंट वगैरेंची. फ्लूच्या बहुतेक लसींत ते नसतं. गोठून वितळलेली बाटली पुन्हा नितळ दिसू शकते आणि शेक टेस्टने काही कळत नाही. तेव्हा गोठल्याची शंका आली की ती बाटली बाजूला काढायची, "वापरू नका" लिहायचं आणि वर कळवायचं. बाटली टाकली म्हणून कुणाला ओरडा बसणार नाही, हे तुम्ही सगळ्यांसमोर बोलून दाखवा. ओरड्याच्या भीतीने खराब लस दंडात जाते.

लोडशेडिंगच्या तालुक्यात आणखी एक प्रश्न विचारा: वीज गेली तर आयएलआरचं झाकण कोण उघडणार? उत्तर आहे, कुणीही नाही. बंद आयएलआर बराच वेळ गार राहतो. दर दहा मिनिटांनी "बघू तरी" म्हणून झाकण उघडणारा माणूस विजेपेक्षा जास्त नुकसान करतो.

पायरी ४: टोचणं, दहा मिनिटांत

घ्यायचं तर एवढंच घ्या. माणूस बसलेला असावा आणि बाही खांद्यापर्यंत वर, अर्धवट दुमडून घट्ट झालेली नको. शर्टची बाही वर जात नसेल तर शर्ट काढायला सांगा, आडोसा करा. खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटं सोडून, स्नायूच्या जाड भागात, सुई सरळ ९० अंशात. फार वर टोचलं तर लस सांध्याजवळ जाते आणि खांदा महिनोन् महिने दुखतो. बायांच्या बाबतीत साडी-ब्लाउजमुळे आणि घाईमुळे ही चूक जास्त होते. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त पाहायची गरज नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर बारीक सुई घ्या आणि जागा चोळू नका, दोन मिनिटं दाबून धरा.

पायरी ५: कुणाला द्यायची, कुणाला थांबवायचं

सगळ्यात आधी कुणाला, हे राज्य ठरवतं आणि ते प्रत्येक साथीत बदलू शकतं. २००९ च्या एच१एन१ ने गरोदर बायकांना आणि तरुणांना जास्त त्रास दिला. म्हाताऱ्या माणसांना लहानपणीच्या कुठल्यातरी जुन्या विषाणूची थोडी ओळख होती आणि ती वाचली. म्हणजे "फ्लू म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार" हे गृहीत धरलं तर साथीत आपण चुकीच्या दारात उभे असतो. महाराष्ट्रात २०१५ नंतर गरोदर माता, मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांना फ्लूची लस सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागली. तुमच्या भागात जुनी यादी असेल तर ती शोधा, आयती सुरुवात मिळते.

थांबवायचं कुणाला? आधीच्या मात्रेने किंवा लसीतल्या घटकाने जिवावर बेतणारी अॅलर्जी झाली असेल त्याला. आज जोराचा ताप असेल तर ताप उतरल्यावर बोलवा. साधी सर्दी, रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेह, मासिक पाळी, काल केलेला उपास, यातल्या कशासाठीही लस थांबत नाही. उपाशी माणसाला चक्कर येऊ शकते, म्हणून "आधी दोन घास खाऊन या" एवढं जरूर सांगा.

पायरी ६: प्रश्नांचा तास

दिवसातला सगळ्यात मोठा वेळ इथे घालवा. दोघींना समोर खुर्च्यांवर बसवा, एक सिस्टर आणि एक गावातली बाई. बाकीच्यांनी ऐकायचं. गावातली बाई व्हायला आशाताईंसारखं कुणी नाही, त्यांना गावातलं सगळं पाठ असतं.

"सिस्टर, सून सहा महिन्यांची पोटुशी आहे. बाळाला काही झालं तर?"

पहिल्या फेरीत सिस्टर हमखास म्हणते, "काही नाही होत हो, आजी." इथे थांबवा. "काही होत नाही" हे वाक्य वर्गात बंद करून टाका. दंड दुखतो, एखाद्याला दिवसभर कणकण येते आणि मग आजी म्हणतात, सिस्टर खोटं बोलल्या. पुन्हा बोलायला सांगा. तिसऱ्या फेरीला साधारण असं येतं: "आजी, या तापाने पोटुशी बाई जास्त आजारी पडते, म्हणून तिचा नंबर पहिला लावलाय. या लसीतला विषाणू मेलेला आहे, त्याने ताप लागत नाही. हात दुखेल, रात्री जरा अंग मोडून येईल. ताप वाढला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्री कधीही मला फोन करा." आजींचं समाधान लसीच्या गुणांपेक्षा त्या "मला फोन करा"ने होतं. (लस नाकातली, जिवंत विषाणूची असेल तर हे उत्तर साफ चुकीचं ठरेल. म्हणूनच पायरी २.)

दुसरा प्रश्न येतोच: "एवढ्या लवकर कशी काय बनवली? आमच्यावर प्रयोग चाललाय का?" एका आरोग्य सहायकाने वर्गात दिलेलं उत्तर मी तेव्हापासून वापरतो: "मोदकाचा साचा तोच, सारण बदललं." फ्लूची लस दरवर्षी बनते, कारखाना तोच, पद्धत तीच, फक्त विषाणू नवा घालतात. पण लस अगदी नव्या पद्धतीची असेल तर हे उत्तर देऊ नका.

तिसरा प्रश्न शहरातल्या डॉक्टरांना सुचत नाही आणि आपल्याकडे रोज विचारला जातो. लसीत अंडं आहे का? माळकरी आणि जैन मंडळी विचारतात आणि "नाही हो" म्हणून वेळ मारून न्यायचा मोह होतो. फ्लूच्या बऱ्याचशा लसींचे विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग शुद्ध करतात आणि अंड्यातल्या प्रथिनाचा किंचित अंश राहतो. हे खरं आहे, म्हणून तेच सांगा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. आपल्या गुरूंना किंवा महाराजांना विचारून येतो म्हणणाऱ्यावर हसू नका, त्याला पुढच्या सत्राची तारीख द्या. "स्वाइन" शब्दामुळे डुकराबद्दलही विचारतात. परदेशातल्या काही नाकातल्या लसींत डुकरापासून केलेलं जिलेटिन असतं, टोचायच्या बहुतेकींत नसतं. पत्रक वाचूनच उत्तर द्या.

आणि मग मोबाईलवर आलेला व्हिडिओ: "अमुक देशात लसीने लोक लुळे पडले." हे पूर्ण खोटं नाही, त्यामुळे जास्त अवघड. १९७६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स छावणीत डुकरांच्या फ्लूसारखा विषाणू सापडला. साथ येणार असं धरून चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली गेली. साथ आलीच नाही, पण लस घेतलेल्या साधारण दर एक लाखात एक जादा माणूस जीबीएसने (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) आजारी पडला आणि डिसेंबरात मोहीम थांबवली. २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमध्ये पँडेमरिक्स घेतलेल्या काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अचानक झोप लागण्याचा आजार झाला. हे लपवलं असतं तर कळलं नसतं. नोंदी नीट ठेवल्या म्हणून कळलं आणि थांबवता आलं. टोचणाऱ्यांना दोन्ही गोष्टी माहीत असायला हव्यात. समोरच्या शिक्षकाने मोबाईल पुढे केला की त्या पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा होऊ नये.

याच्या जोडीला फळ्यावर दोन शब्द लिहा: "लसीनंतर" आणि "लसीमुळे". २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हापासून जीबीएस हे नाव घराघरांत गेलंय. त्यात संशय दूषित पाण्यावर होता, लसीचा संबंध नव्हता. एरवीही वर्षाला लाखात एक-दोन लोकांना जीबीएस होतोच. म्हणजे तीस लाखांच्या जिल्ह्यात लस नसतानाही वर्षाला तीस ते साठ रुग्ण. त्याच वर्षी निम्म्या जिल्ह्याला लस दिली, तर त्यातल्या काहींनी ती आधी घेतलेली असणारच. १९७६ मध्ये पिट्सबर्गला एकाच केंद्रावर लस घेतलेल्या तीन वृद्धांचा मृत्यू झाला आणि अनेक राज्यांनी मोहीम थांबवली. पुढे लसीशी संबंध सापडला नाही. हे गणित टोचणाऱ्यांना समजलं पाहिजे, पण ज्याच्या घरात माणूस गेला त्याला ते सांगायचं नसतं. त्या घरी जायचं, बसायचं, सगळं लिहून घ्यायचं, "चौकशी होईल" म्हणायचं आणि खरोखर करायची.

पायरी ७: पहिली पाच मिनिटं

आमच्या पहिल्या कवायतीत मी एका तरुण डॉक्टरला खुर्चीतून कोसळायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. सिस्टर धावल्या. अॅड्रेनॅलिनची, म्हणजे जीवघेण्या अॅलर्जीवरच्या इंजेक्शनची, किट कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या घरी. अकरा मिनिटं. सगळे हसले, मग कुणीच हसेना.

आधी भोवळ आणि अॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अॅलर्जी) यांतला फरक. भोवळ बहुतेक वेळा सुईच्या भीतीने, टोचताना किंवा लगेच येते: चेहरा पांढराफटक, गार घाम, नाडी मंद, आडवं केलं की मिनिटाभरात डोळे उघडतो. अॅनाफिलॅक्सिस काही मिनिटांत चढत जातं: अंगावर गांधी, खाज, ओठ-डोळे सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वासात शिट्टी, नाडी वेगात आणि बारीक, आणि आडवं केलं तरी सुधारणा नाही. शंका असेल तर अॅड्रेनॅलिन द्या. उशीर करण्यात द्यायच्यापेक्षा जास्त धोका आहे.

मोठ्या माणसाला १:१००० चं अॅड्रेनॅलिन अर्धा मिली, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पहिली मात्रा आरोग्य सेविकेलाही देता येते. "डॉक्टर येईपर्यंत थांबू" ही जुनी सवय मोडायला हे मोठ्याने सांगा. किटमध्ये ४० युनिटची सिरिंज असेल तर अर्धा मिली म्हणजे २० युनिट. हा हिशोब ताणाखाली कुणाला येत नाही, म्हणून किटच्या झाकणावर आतून लिहून चिकटवा. मुलांच्या वयाप्रमाणे मात्रांचा तक्ताही तिथेच. सोबतची सुई मांडीच्या स्नायूपर्यंत पोहोचेल एवढ्या लांबीची आहे ना, तेही पाहा. मुदत संपलेल्या अॅम्प्यूल जपून ठेवा, वर्गात प्रत्येकीला एक फोडून सिरिंजमध्ये भरू द्या. पंचवीस जणींत चार-पाच जणींकडून पहिल्यांदा मान नीट तुटत नाही. ते वर्गातच कळलेलं बरं.

कवायत अशी: एकीने रुग्णाला आडवं करून पाय उंच करायचे, श्वास लागत असेल तर टेकवून बसवायचं. दुसरीने औषध भरायचं. तिसऱ्याने १०८ ला फोन करायचा आणि गावाचा पत्ता खुणेसह सांगायचा. "उपकेंद्राजवळ" म्हटलं की रुग्णवाहिका अर्धा तास फिरते, "मारुती मंदिरामागे, पाण्याच्या टाकीशेजारी" म्हटलं की पोहोचते. औषध दिल्याची वेळ रुग्णाच्या हातावर पेनाने लिहायची. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसऱ्या मात्रेचा निर्णय डॉक्टरचा. आणि १०८ ला उशीर होणार असेल तर आपली जीप, म्हणूनच ड्रायव्हर वर्गात हवा. त्याला तोंड कुठे करून गाडी लावायची हेसुद्धा त्याच दिवशी समजतं.

शाळेत किंवा कॉलेजात सत्र असेल तर एक बारीक गोष्ट. रांगेतल्या एका मुलीला भोवळ आली आणि बाकीच्यांनी पाहिली, की एकामागून एक पाच-सहा जणी खाली बसतात. आजार नसतो, भीती पसरते, पण बाहेर बातमी "लसीने मुली बेशुद्ध" अशीच जाते. म्हणून थांबायची जागा, टोचायची जागा आणि अर्धा तास बसायची जागा एकमेकींना दिसणार नाहीत अशा मांडा. २०२१ च्या कोविड लसीकरणातल्या तीन खोल्यांच्या रचनेचा हा फायदा गर्दी टाळण्याइतकाच मोठा होता.

पायरी ८: नोंद आणि सुया

इथे फार शिकवायचं नाही, फक्त चुका दाखवा. सुईला टोपण परत लावायचं नाही, लगेच हब कटर. कापलेल्या सुया पांढऱ्या डब्यात, सिरिंजचं प्लॅस्टिक लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. बॅच नंबर प्रत्येक नोंदीत हवा, कारण उद्या एका बॅचबद्दल तक्रार आली तर त्या लोकांना शोधायचा तोच एक धागा. अॅप अडकलं तरी लस थांबवू नका, वहीत लिहा. गंभीर घटना, म्हणजे मृत्यू, रुग्णालयात भरती किंवा एकाच ठिकाणी अनेक जण आजारी, तर जिल्ह्याला लगेच फोन आणि २४ तासांत फॉर्म.

पायरी ९: आधी स्वतःला

प्रशिक्षणात सगळ्यात कमी बोलला जाणारा विषय हा. आरोग्य कर्मचारी स्वतः लस घ्यायला काचकूच करतात. २००९-१० मध्ये इंग्लंडमध्ये लोकांशी थेट संबंध येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनीच साथीची लस घेतली. आपल्याकडे ते वेगळं असेल असं धरू नका. "सिस्टर, तुम्ही घेतली का?" हा प्रश्न टेबलावर शंभरदा येतो आणि उत्तर देताना सिस्टरची नजर खाली गेली की पुढची रांग पांगते. तेव्हा प्रशिक्षणाच्या दिवशीच, लस आलेली असेल तर, स्वतः बाही वर करा. सक्ती नको. ज्यांना शंका आहे त्यांना वेगळं बसवून ऐका. त्यांच्या शंका गावातल्यासारख्याच असतात, फक्त त्या बोलून दाखवायची त्यांना लाज वाटते.

पायरी १०: रंगीत तालीम

लस यायच्या दोन-तीन दिवस आधी पूर्ण सत्र खोट्या लसीने करून पाहा. २०२१ मध्ये २ जानेवारीला पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबारला कोविड लसीची अशी तालीम झाली आणि १६ जानेवारीला खरी मोहीम सुरू झाली. वीस जणांना दारातून आत घ्या, नाव शोधा, टोचल्यासारखं करा, अर्धा तास बसवा. एका माणसाला किती मिनिटं लागतात ते मोजा आणि त्यावरून दिवसाचा आकडा ठरवा. वरून आलेला आकडा वेगळा असेल तर तालमीचा हिशोब दाखवून बोला.

दहा मात्रांच्या बाटलीचं गणितही तालमीतच सोडवा. संध्याकाळी पावणेपाच वाजलेत, नवी बाटली उघडायला सातच माणसं आहेत. काय करायचं? पात्र पण अजून न आलेल्या, दहा मिनिटांत पोहोचू शकतील अशा दहा-बारा जणांचे फोन नंबर सकाळीच लिहून ठेवा: शाळेतल्या मधुमेही बाई, शेजारच्या गल्लीतली गरोदर सून, बँकेतले दम्याचे रुग्ण. उरलेली लस सरपंचांच्या धडधाकट पुतण्याला देण्यापेक्षा हे बरं, आणि गावही ते बघत असतं.

पहिल्या खऱ्या सत्राच्या संध्याकाळी सगळ्यांना पंधरा मिनिटं थांबवा. आज कोणता प्रश्न आला ज्याचं उत्तर देता आलं नाही, एवढंच विचारा. तीन-चार निघतात. रात्री त्यांची उत्तरं वाचून, खात्री करून, मराठीत लिहा आणि झोपण्याआधी ग्रुपवर टाका. सकाळी साडेआठला पहिली आजी तोच प्रश्न घेऊन दारात उभी असते.